पडदा पडल्यावर

पुण्याच्या शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच छोटा. नटाचा श्वासही मागच्या रांगेत ऐकू येतो, त्यामुळे प्रयोगानंतरच्या चर्चेआधी सटकणं अवघडच. नाटक बघायला आलेली तीही बसली.

नट घामेजल्या चेहऱ्यानं समोर टेकले. एका काकांचा ‘छोटासा प्रश्न’ पाच मिनिटं चालला. असे एक काका प्रत्येक चर्चेत असतातच. मग तिनं धीर करून विचारलं, दुसऱ्या प्रवेशातली ती लांबलेली शांतता कशासाठी? तिला ती फारच अर्थगर्भ वाटली होती.

“वाक्य विसरलो होतो,” त्यातला एक नट हसत म्हणाला.

1974पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकं केली, तिथंही नट आणि प्रेक्षक असेच हाताच्या अंतरावर. झाकणार काय?

दिग्दर्शक मात्र वहीत टिपत होता. पुढच्या प्रयोगात ती शांतता ठेवायची म्हणे.