कोल्हापूरच्या ओतशाळा

कोल्हापूर म्हटलें कीं अंबाबाईचें देऊळ, रंकाळ्याचा काठ, गुळाची पेठ व कुस्तीचे आखाडे एवढेंच बहुतेक यात्रेकरूंच्या मनांत येतें. देवदर्शन झालें, साज व चपला घेतल्या, कीं मंडळी परततात. परंतु या नगरींत आणखी एका दैवताची अखंड उपासना चालते, व तें दैवत म्हणजे अग्नि. शहरांतील शिवाजी उद्यमनगर, पंचगंगेपलीकडील शिरोली आणि दक्षिणेस गोकुळ शिरगांव या ठिकाणीं लोखंडाचा रस करून तो सांच्यांत ओतणाऱ्या लहानमोठ्या ओतशाळा आहेत. मोटारी, ट्रॅक्टर व पंप यांचीं कित्येक अंगें येथें जन्म पावतात. वाचकांनीं पुढल्या खेपेस अर्धा दिवस तिकडे काढावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा धंदा येथें आकाशांतून पडला नाहीं. उंसाचा मुलूख तो चरकाचा मुलूख. विहिरीवर इंजिन आलें म्हणजे त्याचा मोडका भाग जवळपास ओतून मिळावा लागतो. शेतकऱ्याच्या गरजेंतून मिस्त्री तयार झाले व मिस्त्र्यांच्या हातून कारखाने. औंध संस्थानच्या हद्दींत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगर घडविले, हें सर्वश्रुतच आहे. विद्या तर त्याहून पुष्कळ पुरातन. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मेणाची मूर्ति करून, तिजवर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून काढावें व त्या पोकळींत धातु ओतावा, ही रीत सांगितली आहे. आपल्या सोनाराची मूस ही संस्कृतांतील मूषाच होय.

शिरोलीच्या एका ओतशाळेंत माझा जुना विद्यार्थी अधिकारी आहे. त्यानें मला सर्व विभाग सावकाश दाखविले. ओतीव वस्तूचा आरंभ नमुन्यापासून. कारखान्यांत ज्याला पॅटर्न म्हणतात तो हा नमुना मूळ वस्तूहून किंचित् मोठा करितात. कारण लोखंड थिजून निवतांना शेंकडा एक या सुमारास आकसतें. नमुन्याभोंवतीं वाळू ठोकून सांचा होतो. या वाळूस ‘ग्रीन सँड’ असें नांव आहे. रंगानें ती काळीच. ‘ग्रीन’ म्हणजे येथें ओली, न भाजलेली. तींत बेंटोनाइट नांवाची चिकणमाती, कोळशाची पूड व शेंकडा तीनचार भाग पाणी असतें. पाणी अधिक झालें तर वाफ कोंडून लोखंडास छिद्रें पडतात. कमी झालें तर सांचा ढांसळतो. पूर्वीं ही वाळू फावड्यानें कालवीत व हातानें ठोकीत. आतां मोठ्या मिक्सरांत ती मळली जाते, ओलावा यंत्रच मोजतें, व दुसरें यंत्र कांहीं सेकंदांत सांचा दाबून काढतें.

भट्टींत तर युगांतरच झालें आहे. जुन्या क्युपोलाच्या उंच नळकांड्यांत कोक, चुनखडी व लोखंड यांचे थर रचून खालून वारा फुंकीत. धूर आणि ठिणग्या यांनीं आसमंत भरून जाई. इंडक्शन भट्टीस ज्वाळाच नाहीं. तांब्याच्या पोकळ नळीचें वेटोळें, नळींतून खेळणारें थंड पाणी, व त्या तांब्यांतून वाहणारा प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह. त्याच्या चुंबकीय प्रभावानें लोखंडाच्या अंगांतच प्रवाह उत्पन्न होतात व तें आपल्याच उष्णतेनें वितळतें. रस सुमारें १४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. ओतण्यापूर्वीं त्याची नाण्यासारखी चकती पाडून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवितात. ठिणगी पडते, तिच्या प्रकाशाचें पृथक्करण होतें, व एखाद्या मिनिटांत कार्बन किती, सिलिकॉन किती, गंधक किती हें पडद्यावर उमटतें. पूर्वीं पाचरीसारखा तुकडा ओतून, तो मोडून, आंतील पांढरेपणा डोळ्यांनीं पाहून मिस्त्री हा निर्णय करीत.

तेथें एक वृद्ध मोल्डर भेटले. चाळीस वर्षें त्यांनीं वाळूंत काढलेलीं. त्यांनीं पट्ट्यावरून मूठभर वाळू उचलली, आवळली, मोडली आणि म्हणाले, “गुरुजी, वाळू जरा कोरडी हाय.” पडद्यावरील आंकडा तर यथायोग्य होता. तरुण अभियंत्यानें हंसत हंसत वेगळी चांचणी घेतली, तों ओलावा मोजणाऱ्या कांडीवर ओल्या वाळूचें पुट बसल्यामुळें आंकडा फसवा येत असल्याचें आढळलें. या गृहस्थांच्या निवृत्तीस तीन महिने उरले होते, आणि त्यांची ही विद्या कोणत्याहि वहींत उतरलेली नव्हती.

यावरून ‘जुनें तें सोनें’ असा निष्कर्ष काढणें मात्र अन्यायाचें होईल. हेच गृहस्थ बोलतां बोलतां खोकत होते. वाळूंतील सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ वर्षानुवर्षें श्वासावाटे गेली म्हणजे फुप्फुसें निबर होतात. सिलिकोसिस नांवाचा हा विकार बरा होत नाहीं. बंद कोठडींत पोलादी छऱ्यांच्या माऱ्यानें ओतीव साफ करणारें शॉट ब्लास्टिंग यंत्र, धूळ ओढून घेणारे नळ, तप्त रसाचीं भांडीं उचलणाऱ्या याऱ्या, यांचा खरा उपकार वेगाचा नव्हे. मनुष्याचें शरीर झिजवून काम काढण्याची गरज त्यांनीं कमी केली, हा आहे. ज्या लहान ओतशाळांना हीं यंत्रें परवडत नाहींत, तेथें ती धूळ अद्यापि आहेच. मोल्डर स्वतःच म्हणाले, “माझं पोरगं ह्या कामात आलं न्हाई, बरं झालं. पण वाळू कुणी शिकून घेतली न्हाई, त्याचं वाईट वाटतंय.”

विद्या म्हणजे ग्रंथांतील, अशी आपल्या घरांतून समजूत असते. पण ‘मानसोल्लास’ ग्रंथांतील ती रीत प्रथम कोण्या ओताऱ्याच्या हातांतच होती. ग्रंथकारानें ती लिहून ठेविली, म्हणून नऊशें वर्षांनीं आपण ती वाचतों. आज आपलीं मुलेंमुली अभियांत्रिकीच्या पदव्या घेऊन अशा कारखान्यांत जातात. यंत्राचा आंकडा वाचण्यास तीं शिकलेलीं असतात. तो आंकडा केव्हां चुकतो हें जाणणारीं माणसें एकेक करून घरीं जात आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसण्यास तीन महिने थोडे नव्हेत, असें मी माझ्या विद्यार्थ्यास निघतांना सांगितलें.

ओतशाळा पाहावयाची तर आधीं परवानगी काढावी, सुती वस्त्रें व बंद पादत्राणें घालावीं. मोठीं मुलें बरोबर न्यावीं. आणि यंत्रें पाहून झालीं म्हणजे तीं चालविणाऱ्यांशींहि घटकाभर बोलावें.