एका बाकाची खोली

दहावीच्या परीक्षेत एखाद्या दिव्यांग विद्यार्थ्याला लेखनिक, स्वतंत्र खोली आणि जादा वेळ द्यायला माझा बरीच वर्षं विरोध होता. उघडपणे नाही, स्टाफरूममध्ये असं बोलणं बरं दिसत नाही. पण आधी धुळे आणि मग जळगाव जिल्ह्यात शिकवताना परीक्षेच्या दिवसांत जे पाहिलं, त्याने मला संशयी करून ठेवलं होतं. खिडकीतून आत येणाऱ्या चिठ्ठ्या, कुंपणावर चढलेले नातेवाईक, भरारी पथकाची गाडी फाट्यावर दिसताच केंद्रावर पोचणारा फोन. असं सगळं पाहिल्यावर ‘लेखनिक’ म्हटलं की मला आधी पळवाटच दिसायची.

माझा हिशेबही सरळ होता. पंचवीस पोरं एका खोलीत, खानदेशातल्या मार्चच्या उकाड्यात, पंखा फिरला तर फिरला. आणि एकाला अख्खी खोली, लिहून द्यायला दुसरा मुलगा, वर तासामागे वीस मिनिटं जादा. म्हणजे तीन तासांच्या मराठीच्या पेपरला याला चार तास. परीक्षा सगळ्यांची एक, तर नियमही एकच हवा, असं मला वाटे.

मग एका वर्षी केंद्रसंचालकांनी माझी नेमणूक अशाच एका खोलीवर केली. मुलगा पूर्ण अंध. लेखनिक नववीतला, म्हणजे नियमाप्रमाणे खालच्या इयत्तेतला. पेपर विज्ञानाचा, चाळीस गुणांचा. इतरांना दोन तास, याला दोन तास चाळीस मिनिटं. पुरवणी देण्याची घाई नाही की मागच्या बाकाकडे लक्ष ठेवणं नाही. आरामाची ड्यूटी मिळाली म्हणून मी खुशीतच होते.

पहिल्या अर्ध्या तासातच माझ्या लक्षात आलं, की या मुलाची परीक्षा लेखी नाहीच. लेखनिकाने प्रश्न वाचायचा, नीट कळला नाही तर पुन्हा वाचायचा. याने उत्तर मनात जुळवायचं, ते तुकडे पाडून सांगायचं, हात चालेपर्यंत थांबायचं आणि पुढचं वाक्य तोवर डोक्यात धरून ठेवायचं. ‘अपवर्तनांक’ नववीतल्या पोराला लिहिता येईना, तेव्हा अक्षर अक्षर सुटं करून सांगायचं. ‘काय लिखं ते वाची दखाड भो,’ असं तो मधूनमधून हळूच म्हणायचा. वाचून दाखवल्यावर चूक सापडली, की ती खोडून पुन्हा तीच कसरत. आम्ही उत्तर लिहिता लिहिता वर नजर टाकून मागचं वाक्य पाहतो. त्याला तेवढ्यासाठी दुसऱ्याचा आवाज लागत होता. जादा चाळीस मिनिटं कुठे जात होती, ते मला समोर दिसत होतं. शेवटचा प्रश्न तरीही अर्धाच राहिला.

स्वतंत्र खोलीचं कारणही तिथेच कळलं. त्याला बोलल्याशिवाय पेपर सोडवता येणार नव्हता, आणि पंचवीस जणांत बसून बोलला असता तर सगळा वर्ग त्याची उत्तरं ऐकत बसला असता. खोली त्याच्या सोयीइतकीच बाकीच्यांच्या परीक्षेच्या शिस्तीसाठीही होती.

कॉपीच्या शंकेचं काय? शेजारच्या खोलीत पंचवीस मुलांवर एक पर्यवेक्षक होता. इथे एका मुलावर एक. त्या खोलीत गैरप्रकार व्हायचा तर मी डोळेझाक करायला हवी किंवा लेखनिक ठरवून आणलेला हवा. दोन्ही पापं मोठ्या माणसांची. त्यांची शिक्षा मी इतकी वर्षं मनातल्या मनात मुलाला देत होते.

इथवर माझं मत बदलायला एक पेपर पुरला. डिस्लेक्सियाच्या बाबतीत मात्र जास्त वेळ लागला. पांढरी काठी दिसते, वाचनदोष दिसत नाही. धडाधड बोलणारं, हुशार पोरगं लिहायला माणूस मागतं तेव्हा ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे वाक्य ओठांवर येतंच. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016च्या कायद्याने ते एकवीस केले आणि त्यांत अध्ययन अक्षमता आली. ‘आमच्या वेळी’ही ही मुलं होती. ती नापास होऊन शेतावर जायची, आणि आम्ही त्यांना ‘ढ’ म्हणायचो.

खोटी प्रमाणपत्रं नसतात, असं मी म्हणणार नाही. 2024 साली महाराष्ट्रातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून केवढं वादळ उठलं, ते सगळ्यांनी पाहिलं. त्याची झळ खऱ्या गरजूंनाही बसते, कारण पुढच्या प्रत्येकाकडे लोक त्याच नजरेने पाहतात. पण त्यासाठी सगळ्यांचीच वाट अडवणं हा उपाय नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021मध्ये, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही, असा निकाल दिला. तपासणी कडक हवी, पण ती प्रमाणपत्र देतानाच व्हावी. परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षकाने नजरेने करायची ती गोष्ट नाही.

गीरच्या जंगलात बाणेजला एका महंतांच्या एका मतासाठी मतदान केंद्र उभारलं जायचं, ही बातमी मी वर्गात कौतुकाने सांगितली आहे. लोकशाही किती मोठी, हे पटवायला. आपल्याच शाळेत एका परीक्षार्थीसाठी उघडलेल्या खोलीत तीच गोष्ट मला दिसत नव्हती.

जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’मध्ये दिव्यांग मुलं-मुली राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. प्रांजल पाटील या दृष्टिहीन मुलीने 2017च्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत देशात 124वा क्रमांक मिळवला. पण त्या टप्प्यावर पोचायला आधी दहावीची वेस ओलांडावी लागते, आणि बरीच मुलं तिथेच अडतात. शिरपूर, साक्री, चोपडा, यावलच्या आतल्या गावांत लेखनिक मिळवणं हीच पहिली परीक्षा असते. ‘आमच्या पोराचा अभ्यास बुडेल’ म्हणून पालक नाही म्हणतात, आणि पेपर चार दिवसांवर आला की मिळेल त्या मुलाला बसवलं जातं. त्याचं अक्षर कसं आहे हेही कोणी पाहत नाही.

म्हणून माझ्या मुख्याध्यापक बंधू-भगिनींना एवढंच सांगणं आहे. अर्ज आणि प्रमाणपत्रांचं काम दिवाळीआधी उरका. लेखनिक तेव्हाच ठरवा, आणि पूर्वपरीक्षा त्या दोघांना एकत्र देऊ द्या, म्हणजे एकाच्या सांगण्याची आणि दुसऱ्याच्या लिहिण्याची लय जुळेल. आणि त्या खोलीवर नेमणूक करताना आरामाची ड्यूटी म्हणून कोणाला पाठवू नका. तिथे जाणाऱ्याला नियम पाठ हवेत आणि मनात संशय नको.