वरचा ठोकळा

त्याची माझी पहिली भेट अकरावीच्या वहीत झाली. एक मोठा चौकोन, त्याच्या डोक्यावर बसलेला एक लहान चौकोन. खालचा 3 किलोचा, वरचा 2 किलोचा. फरशी गुळगुळीत, इतकी की तशी कोणाच्याच घरात नसते. दोरी बांधलेली खालच्याला. वरचा नुसता बसून.

बहुतेक मुलं इथंच त्याच्यावर अन्याय करतात. घर्षण म्हणजे गतीला विरोध, हे लहानपणापासून घोकलेलं. मग बाण मागं काढून मोकळी होतात. मीही काढला होता आणि लाल फुली मिळवली होती. अहो, घर्षणच मागं ओढणार असेल तर हा पुढं जाणार कोणाच्या जिवावर? बलाशिवाय त्वरण नाही, हे न्यूटननं 1687 मध्ये छापून ठेवलंय. आडव्या दिशेनं या बिचाऱ्याला धरणारं एकटं घर्षणच आहे. ते अडवतं घसरणं, जाणं नव्हे.

शिवाय गडी हावरट नाही. घर्षण गुणांक 0.4 आणि गुरुत्वत्वरण 10 धरलं, तर त्याचा कोटा 8 न्यूटनचा. पण दोरी 10 न्यूटननं ओढली, तर जोडीचं त्वरण 2 येतं आणि हा 4 न्यूटनच उचलतो. कोटा आहे म्हणून सगळा उचलायचा, हा हिशेब परीक्षार्थींचा.

20 न्यूटनला मात्र कोटा संपतो. 26 लावा: खालचा 6 च्या त्वरणानं पळतो, वरचा 4 वरच अडकतो. खालच्यावर बसून पाहणारा म्हणेल, हा मागं चाललाय. फरशीवरून पाहा, तो पुढंच चाललाय. सोबत्याएवढी धाव नाही, इतकंच. (सुटल्यावर घर्षण खरं तर थोडं कमी होतं. पुस्तकं तिकडं काणाडोळा करतात.)

त्याला आडवा झोपवा की उभा करा, कोटा तोच. घर्षणाचे नियम मांडणाऱ्या आमाँताँनं 1699 मध्येच ते सांगितलं. वजन वाढवूनही सुटका नाही. घर्षण दुप्पट झालं तरी हलवायचं ओझंही दुप्पट होतं. त्वरण 4 च्या पुढं गेलं की लठ्ठ असो वा किडकिडीत, घसरणारच.

आता दोरी सोडून वरच्याला बांधा. तीच जोडी, तीच फरशी. पण या वेळी 8 न्यूटनमध्ये 3 किलोवाल्याला ओढून न्यायचंय. साथ 20 ला नाही, 13.3 न्यूटनलाच सुटते.