दाजींची कॅसेट

दाजींच्या ट्रॅक्समध्ये पुढच्या सीटवर जागा मिळाली की एक काम आपसूक माझ्याकडे यायचं. एक बाजू संपून बटण खट्टकन वर आलं की कॅसेट काढायची, उलटायची आणि परत आत ढकलायची. बदलायची नाही, फक्त उलटायची. शिरवळ ते लोणंद वडाप करणाऱ्या त्या गाडीत त्या वर्षी दुसरी कॅसेट फारशी वाजलीच नाही. साल २००२, कॅसेट ‘ऐका दाजिबा’. आवाज वैशाली सामंत यांचा, संगीत अवधूत गुप्ते यांचं.

ताईचं लग्न नुकतंच झालं होतं. आमच्या घरात ‘दाजी’ हा शब्दच कोरा करकरीत, आणि नेमकं तेव्हाच हे गाणं गल्लोगल्ली वाजायला लागलं. मेव्हणी म्हणून मला जो हक्क होता, तो मी पुरेपूर वसूल केला. दाजी जेवायला बसले की आतल्या खोलीत टेप सुरू. ते मान खाली घालून भाकरी मोडत राहायचे. आजीला गाण्याबिण्याचं काही नव्हतं, ती बाहेरून विचारायची, “कोण गं जावयाला सारखं हाका मारतंय?”

शेवटी वैतागून दाजींनी स्वतःच ती कॅसेट विकत आणली. “आता गाडीतच लावतो. सगळ्या लोणंद लाइनला कळू दे, मी कुणाचा दाजी हाय ते.”

स्टँडसमोर कॅसेटची एक टपरी होती. समोर दोरीला चिमटे लावून टांगलेली कव्हरं, आत माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा, आणि पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेलं : कॅसेट भरून मिळतील. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट निवडायची आणि दोन दिवसांनी यायचं. नव्वदची घ्यायला टपरीवालाच नको म्हणायचा, तिची फीत पातळ, लवकर गुंतते. हा सगळा चोरीचा मामला आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. विकतच्या कॅसेटचे मागचे दोन कान मोडलेले असत, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जाऊ नये. त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की झालं काम. वडिलांची भजनाची एक अख्खी कॅसेट मी अशीच कामी आणली. पुढचे दोन दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नाही.

अल्फा मराठीवर गाणं दिसायचं, तेव्हा त्यात ईशा कोप्पीकर आणि मिलिंद गुणाजी असत. ‘भटकंती’त गडकिल्ले दाखवणारा माणूस इथं कसा, असा आमच्या वडिलांना प्रश्न पडायचा. आपल्या नदीकाठच्या सुभानमंगळाचे चार दगड तरी दाखव म्हणावं, एवढं बोलून ते उठून जायचे. पण बघून झाल्यावर उठायचे, हे आम्ही सगळ्यांनी टिपलेलं होतं.

गावात आणखी एक कॅसेट होती, पण तिचं बिऱ्हाड वेगळं. व्हेटर्नरी कॉलेजच्या होस्टेलवर. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली पोरं रात्री ‘गारवा’ ऐकत : १९९८ची, मिलिंद इंगळे यांनी गायलेली, सौमित्र यांच्या कवितांची. एकदा त्यातल्याच एकानं ती दाजींच्या हातात ठेवली. दाजींनी पाच मिनिटं ऐकली आणि परत केली. “ह्यात माणूस आधी बोलतोय, मग गातोय. पाशिंजर झोपतील.” त्याच पावसाळ्यात आम्हाला साताऱ्याला न्यायचं होतं, तेव्हा मात्र खंबाटकीचा घाट चढताना त्यांनी सीटखालून एक कॅसेट काढली. ‘गारवा’. गुपचूप भरून घेतलेली. वायपर चालू, दरडीवरून पाणी वाहतंय, आणि गाडीत कुणी बोलत नाही. येताना बोगद्यातून आलो. बाहेर पडताच त्यांनी ती काढून परत ‘दाजिबा’ घातली. शिरवळ जवळ आलं होतं ना.

मला त्या कॅसेटची दुसरी बाजू राहून राहून आठवते. पहिल्या बाजूवरचं हुकमी गाणं सगळ्यांनाच माहीत. पण ते पुन्हा ऐकायचं तर मागं पळवायला लागायचं, नेमकी जागा सापडायची नाही, आणि पळवून पळवून फीत ताणते अशी दाजींची पक्की समजूत. मग आळसानं म्हणा, भीतीनं म्हणा, अख्खी कॅसेट सरळ ऐकली जायची. न आवडलेलं गाणं पंधरा-वीस वेळा कानावर पडलं की त्यातली एखादी ढोलकीची जागा आवडायला लागायची. पावट्याची भाजीही मला अशीच आवडायला लागली. एक गाणं संपतंय तोवर डोक्यात पुढच्याची सुरुवात वाजायची. आजही ती गाणी मला सुटी आठवत नाहीत, एकामागून एक, रांगेत येतात.

आता टपरीच्या जागी मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत. चिमटे मात्र तसेच. एमआयडीसीच्या बसगाड्या सकाळ-संध्याकाळ पोरं ने-आण करतात आणि प्रत्येकाच्या कानात आपापलं गाणं. शेजारी काय वाजतंय हे शेजाऱ्याला कळत नाही, ही तशी सोयच. दाजींच्या गाडीत लोणंदपर्यंत चौदा जणांना एकाच माणसाची आवड सोसावी लागायची. होस्टेलची पोरं तर कुढत बसायची.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे दाजींच्या नव्या गाडीतून निघालो होतो. भाचीनं फोन जोडला आणि हौसेनं ‘ऐका दाजिबा’ लावलं. ते संपल्यावर फोननं आपल्याच मनानं भलतंच काही सुरू केलं. नाचरा ताल, अनोळखी भाषा, आणि मध्येच मुका घेतल्याचा चक्क दोनदा आवाज. आरशात दाजींचे कान लाल झालेले मला दिसले, अगदी त्या भाकरी मोडण्याच्या दिवसांसारखे. भाचीनं बघून सांगितलं, तुर्कस्तानचा तारकान नावाचा गायक, ‘शिमारिक’, १९९७. गाणं सेझेन अक्सू या बाईंचं. ‘दाजिबा’च्या साली, २००२मध्ये, हॉली व्हॅलन्सनं तेच इंग्रजीत गायलं आणि तेही गाजलं. म्हणजे आम्ही लोणंद रस्त्यावर कॅसेट उलटत होतो, तेव्हा हे तिकडे भाषा बदलून फिरत होतं. “चाल आपल्या बँडवाल्याला जमंल,” दाजी म्हणाले, “पण ते मधलं कोण वाजवणार?”

मग त्यांनी परत आपलंच लावायला सांगितलं. आणि सोबत गायला लागले. एका उन्हाळ्यात डॅशबोर्डवर राहून ती कॅसेट गुंतली होती. दाजींनी चुरगळलेली फीत ब्लेडनं कापली, चिकटपट्टीनं जोडली, पेन्सिलीनं गुंडाळली. तेव्हापासून गाण्यातले दोन-तीन शब्द कायमचे गेले. पुढं कितीतरी वर्षं आम्ही ते गाणं तसंच, ठेच लागल्यासारखं ऐकलं.

ती जागा आली. फोनमधली बाई सगळे शब्द म्हणत होती. दाजी मधले गाळून थेट पुढच्या ओळीवर पोचले.

“बाबा, चुकलं,” भाची म्हणाली.

मागच्या सीटवर मी आणि ताईही त्यांच्याबरोबरच पुढं पोचलो होतो.