गोठलेल्या सरोवरावर गळ टाकून

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात सरोवरांवर गावे वसतात. बर्फाला भोक पाडून मासे पकडण्याचा हा छंद वरवर गमतीचा वाटतो. पण त्यात हाताचे कसब लागते आणि कुठे थांबायचे याची समजही.

सकाळचे सात वाजत आले आहेत, पण अजून उजाडलेले नाही. तापमान शून्याखाली २० अंश. अंधूक प्रकाशात दूरवर पांढरे सपाट मैदान दिसते आणि त्यावर उभी असलेली लहान लहान घरे. कुठे धुराड्यातून धूर निघतो आहे, कुठे दाराशी मोटार उभी आहे. नवख्याला वाटावे, हे एखादे खेडेच आहे. पण या खेड्याखाली जमीन नाही. दोनेक फूट जाडीचा बर्फ आहे आणि त्याखाली खोल पाणी.

हे मिल लॅक्स सरोवर. मिनिआपोलिस शहराच्या उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर. क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरहून अधिक, पण खोली जास्तीत जास्त ४२ फूट. मिनेसोटाला 'दहा हजार सरोवरांचे राज्य' म्हणतात. प्रत्यक्षात तिथे १० एकरांहून मोठी ११,८४२ सरोवरे आहेत. थंडीही तशीच कडक. २ फेब्रुवारी १९९६ रोजी याच राज्यातील टॉवर गावाजवळ पारा शून्याखाली ५१ अंशांवर गेला होता.

अशा थंडीत माणसे घरात शेगडीजवळ बसायची सोडून सरोवरावर का जातात? कारण बर्फाखाली मासे जागे असतात.

बर्फाखालचे जग

पाणी ४ अंश तापमानाला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर येते आणि गोठते. म्हणून सरोवर वरून गोठते, तळाशी मात्र पाणी राहते. तिथे मासे हिवाळा काढतात. थंडीमुळे त्यांची हालचाल मंदावते, भूक कमी होते. उन्हाळ्यात झडप घालणारा मासा आता आमिषाजवळ येतो, पाहतो आणि बऱ्याचदा तोंड फिरवून निघून जातो.

त्याला भुलवण्यासाठी जे आमिष वापरतात त्याला 'जिग' म्हणतात. गिरमिटाने बर्फाला सहा ते आठ इंच रुंदीचे भोक पाडायचे, जेमतेम दोन-अडीच फुटांची काठी हातात धरायची आणि आमिष सरळ खाली सोडायचे. मग मनगटाने ते वर-खाली नाचवायचे. वाचायला सोपे वाटते, पण खरी मेख त्यापुढे आहे. आमिष हलताना मासा जवळ येतो, मात्र तोंड घालतो तो बहुधा ते स्थिर झाल्यावर. नवशिक्या हात हलवतच राहतो आणि मासा गमावतो. म्हणूनच जाणती माणसे शेजारी बसलेल्या नातवंडांना आधी हलवायला नाही, तर थांबायला शिकवतात.

तव्यात मावणारे मासे

ब्लूगिल, क्रॅपी आणि पिवळा पर्च या लहान माशांना तिकडे 'पॅनफिश' म्हणतात, म्हणजे अख्खे तव्यात मावणारे मासे. यांच्यासाठी जिग अगदी लहान, एक ग्रॅमपेक्षाही हलकी लागते. हल्ली ती शिशाऐवजी टंगस्टनची करतात. टंगस्टन शिशापेक्षा जड असल्याने दाणा तेवढाच राहूनही झरझर खाली जातो. गळाला मेणकिड्याची अळी टोचतात. मधमाश्या पाळणाऱ्यांना ही अळी परिचयाची असेल, कारण ती पोळी पोखरते.

तिन्ही माशांच्या तऱ्हा वेगळ्या. ब्लूगिल आमिष हलकेच तोंडात ओढतो आणि शंका येताच थुंकून टाकतो. हाताला तो ओढा जाणवतच नाही, म्हणून काठीच्या टोकाला नाजूक स्प्रिंग लावतात. ती किंचित वाकली की समजायचे. क्रॅपीची नजर वरच्या दिशेला असते, तेव्हा आमिष त्याच्या डोक्यावर ठेवावे लागते. पर्च तळाशी हिंडतो. त्याच्यासाठी जिग चिखलावर दोन-चारदा आपटतात. गढूळ पाणी उठले की काही खायला निघाले असे समजून तो धावत येतो.

चमकत्या डोळ्यांचा वॉलआय

या सरोवरांचा खरा मानकरी मात्र वॉलआय. १९६५ पासून तो मिनेसोटाचा राज्यमासा आहे. त्याच्या डोळ्यांत मांजरीसारखा प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे पर्चला धड दिसत नाही अशा अंधूक उजेडात तो त्याची शिकार करतो. म्हणून वॉलआय धरायची खरी वेळ पहाटेची आणि दिवेलागणीची. त्याच्यासाठी चमच्याच्या आकाराचे धातूचे चकचकीत आमिष किंवा गोल गिरक्या घेणारा बनावट मासा वापरतात. गळाला लहान माशाचे डोके टोचतात. एकदोनदा जोरात उचलून चमक दाखवायची, मग तळापासून फूटभर वर स्थिर धरायचे आणि वाट पाहायची. आजकाल खालचा मासा पडद्यावर दाखवणारी ध्वनियंत्रेही मिळतात. पण मासा दिसला म्हणून गळाला लागतोच असे नाही.

ही विद्या जुनी आहे. इथले मूळ रहिवासी लाकडाचा मासा कोरून, त्यात शिसे भरून बर्फाखाली नाचवत आणि तो पाहायला आलेल्या माशाला भाल्याने टिपत. मिल लॅक्सच्या काठी ओजिब्वे लोक आजही राहतात. १८३७ च्या करारात त्यांनी जमीन दिली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. तो हक्क पुढे नाकारला गेला. वाद न्यायालयात गेला आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल ओजिब्वेंच्या बाजूने दिला. तेव्हापासून सरोवरातून किती वॉलआय काढायचे हे राज्य आणि ओजिब्वे मिळून ठरवतात.

हा हिशेब किती गरजेचा आहे ते २०१५ मध्ये दिसले. वॉलआयची संख्या घटली होती. ठरलेला वाटा संपल्यामुळे ऐन ऑगस्टमध्ये राज्याला वॉलआयची मासेमारी थांबवावी लागली. पुढच्या उन्हाळ्यात तर पकडलेला प्रत्येक वॉलआय पाण्यात परत सोडावा लागला. काठावरच्या हॉटेलवाल्यांचे आणि नाववाल्यांचे पोट याच माशावर. त्यांना ते वर्ष जड गेले.

बर्फाचा भरवसा

दुसरी काळजी बर्फाचीच. पायी चालायला किमान ४ इंच आणि लहान मोटारीला ९ ते १० इंच नवा, पारदर्शक बर्फ हवा, असे राज्याचा निसर्गसंपदा विभाग सांगतो. पांढरट बर्फ त्याच्या निम्माच मजबूत. म्हणून शहाणी माणसे पहारीने ठोकून पाहत पाऊल टाकतात आणि घसरून पाण्यात पडलोच तर बर्फात रोवून वर येता यावे म्हणून गळ्यात दोन टोकदार खिळे अडकवतात. तरीही घात होतो. २९ डिसेंबर २०२३ रोजी अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि शंभराहून अधिक लोक त्यावर अडकले. सुदैवाने सगळे वाचले. मिनेसोटाच्या नोंदींतला तो सर्वांत उबदार हिवाळा ठरला. सरोवरांवर बर्फ टिकण्याचा काळही पूर्वीपेक्षा कमी झाला आहे.

मार्चमध्ये ही घरे ओढून काठावर आणावीच लागतात, तसा कायदा आहे. काही दिवसांपूर्वी जिथे शेगड्या पेटत होत्या, तव्यावर पर्च परतले जात होते, तिथे लवकरच लाटा उसळू लागतात. पुढच्या हिवाळ्यात कुणी आजोबा पुन्हा नातवाचा हात धरून पाय जपून टाकत येतील, भोकाशी बसतील आणि काठी त्याच्या हाती देतील. आमिष दोनदा नाचले की हळूच म्हणतील, "आता थांब." नातवाला ते माशासाठी वाटेल. आजोबांना त्यात बर्फ आणि सरोवर दोन्ही अभिप्रेत असतील.