कंसातलं आणि कंसाबाहेरचं

प्रोग्रॅमिंगमध्ये फंक्शनला बहुधा नाव असतं. नावाने हाक मारायची, कंसात हवा तो माल द्यायचा, की ते काम करून उत्तर हातात ठेवतं. पण काही कामं इतकी किरकोळ असतात की त्यांच्यासाठी नाव शोधत बसणं म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. अशा वेळी बिननावाचं फंक्शन लिहितात. पायथनमध्ये त्याला लॅम्डा म्हणतात. हे ग्रीक अक्षर अलोन्झो चर्च या गणितज्ञाने १९३० च्या दशकात या कामासाठी वापरलं. पुढे जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेत ते घेतलं. जावासारख्या भारदस्त भाषेतही २०१४ साली ही सोय आली.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. लेक बीएस्सी कम्प्युटर सायन्स करते आणि मोठ्याने वाचत अभ्यास करते, म्हणून हा धडा माझ्या कानावर पडला. ऐकताना वाटलं, अरे, हे तर आपलं ‘वजन’!

अरबी व्याकरणात वजन म्हणजे शब्दाचा साचा. त्यात मूळ धातूची तीन अक्षरं घातली की शब्द तयार. ‘फाइल’ या वजनात न-ज-र घातलं की नाजिर, म्हणजे आपल्या कोर्टातला नाझर. तीच अक्षरं ‘मफऊल’मध्ये घातली की मंजूर. ज-क-र घातलं की मजकूर. गंमत अशी की या साच्याला वेगळं नाव नाही. त्याचा आकार हेच त्याचं नाव. लॅम्डाचंही तेच. ‘एक संख्या घे, तिची दुप्पट दे’ एवढंच तिथे लिहिलेलं असतं आणि तीच त्याची ओळख.

साच्यात अक्षरं घालायची ती क्रमाने. ‘फईल’ या वजनात क-र-ब घातलं की करीब, म्हणजे जवळचा. पहिल्या दोन अक्षरांची अदलाबदल केली की रकीब, म्हणजे प्रतिस्पर्धी. लॅम्डातही अर्ग्युमेंट्स साधारणपणे जागेवरून ओळखली जातात. ‘पहिल्यातून दुसरा वजा कर’ असं लिहिलं असेल, तर दहा आणि तीन दिल्यावर सात येतात आणि तीन आणि दहा दिल्यावर उणे सात.

किती अर्ग्युमेंट्स द्यायची, याबाबत भाषांचे स्वभाव वेगळे. पायथन कडक मास्तर. दोन मागितली आणि तीन दिली, की तो काम थांबवून चूक दाखवतो. जावास्क्रिप्ट सैल. जास्त आली तर दुर्लक्ष करते, कमी पडली तर ती जागा रिकामी समजते. या सैलपणाची किंमतही मोजावी लागते. अक्षररूपात लिहिलेल्या तीन ‘१०’ ची यादी घ्या आणि ‘मॅप’ वापरून प्रत्येकावर ‘पार्सइंट’ चालवा. उत्तर येतं १०, ‘संख्या नाही’ आणि २. कारण मॅप प्रत्येक वेळी तीन गोष्टी पाठवतं: घटक, त्याचा क्रमांक आणि अख्खी यादी. पार्सइंट दुसऱ्या जागेवर आलेल्या क्रमांकाला अंकपद्धतीचा पाया समजतं. क्रमांक शून्यापासून सुरू होतात, म्हणून तिसऱ्या ‘१०’ चा क्रमांक २ असतो आणि द्विमान पद्धतीत १० म्हणजे दोन. इथे बिननावाचं फंक्शन कामी येतं. ते दारात उभं राहतं, एकच अर्ग्युमेंट आत घेतं आणि तेवढंच पुढे देतं. मग तिन्ही दहा नीट येतात.

अर्ग्युमेंट ज्या नावाने आत येतं, ते नाव मात्र आपल्या मराठीतल्या ‘फलाण्या’सारखं. (हा फलाणाही अरबी ‘फुलान’चाच वंशज.) ‘क्ष’ म्हणा की ‘य’ म्हणा, दुप्पट ती दुप्पटच. ‘जो पाहुणा येईल त्याला चहा दे’ या वाक्यातला ‘जो’ तसाच. तो कोण, हे पाहुणा दारात आल्यावर ठरतं. उर्दू शाळांतल्या मुलांना लॅम्डा शिकवायचा तर मी इथूनच सुरुवात करीन. ‘जो’ म्हणजे कंसात मागितलेलं आणि ‘त्याला’ म्हणजे आत वापरलेलं.

एका संध्याकाळी लेक वैतागून म्हणाली, “अम्मी, दोनचा, तीनचा आणि चारचा पाढा म्हणणारी तीन फंक्शन्स बनवली. तिन्ही चारचाच पाढा म्हणतायत.” तिघांनाही पाच दिले की वीसच येत होते. तिने लूपमध्ये लॅम्डा लिहिले होते. गुणायची संख्या कंसात घेतलेली, पण कोणत्या पाढ्याने गुणायचं ते नाव कंसाबाहेरचं. लॅम्डा बनताना पायथन त्या नावाची किंमत टिपून ठेवत नाही. फंक्शन चालवल्यावर बाहेर जाऊन पाहतं, आणि तोवर लूप संपून तिथे चार बसलेले असतात. उपाय असा की पाढ्याची संख्याही अर्ग्युमेंटच्या यादीत आणायची आणि तिची ठरीव किंमत तिथेच लिहायची. ती किंमत लॅम्डा बनतानाच पक्की होते. मग दहा, पंधरा, वीस.

हे समजलं तेव्हा मला लेकीसाठी पुण्यात खोली शोधत होतो ते दिवस आठवले. फोनवर सगळं ठरायचं. भाडं मान्य, डिपॉझिट तयार, मुलगी शिकणारी, आई शिक्षिका. जे विचारलं ते सगळं दिलं, क्रमाने दिलं. मग शेवटी नाव विचारलं जाई, आणि “बघतो, कळवतो.” एका घरमालकाने खोली कालच गेली असं सांगितलं. आडनावावरून काही कळणार नाही अशा माझ्या सहशिक्षिकेने दुसऱ्या दिवशी विचारलं, तर खोली रिकामी होती.

सगळी अर्ग्युमेंट्स बरोबर होती आणि उत्तर चुकीचं आलं, कारण उत्तर ठरवणारी गोष्ट मागितलेल्या यादीत नव्हतीच. अशा वेळी पहिला संशय स्वतःवर जातो. भाडं वाढवून सांगावं का, बोलण्यात काही कमी पडलं का? लेकही पाढा बिघडल्यावर आधी पाचच्या जागी सहा, सात देऊन बघत होती. पण आत दिलेल्या संख्येत दोष नसताना ती बदलून काय होणार?

प्रोग्रॅममध्ये बाहेरची गोष्ट यादीत ओढून आणता येते. घरमालकाच्या मनातली आणता येत नाही. तरी आता मी एक करते. खोली शोधणाऱ्या आमच्या मुलींना सांगते, फोनवर पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगा, नंतर भाडं विचारा. नकार यायचाच असेल तर लवकर येतो, हेलपाटा वाचतो. आणि त्या नकाराचं कारण आपल्यात शोधत बसायची वेळ येत नाही. लेकीला चौदावी खोली अशीच मिळाली. नाव ऐकून बाईंनी एवढंच विचारलं, “सामान घेऊन कधी येतेस?”