हात कोणताही असो

जून-जुलैत मासेमारी बंद असते. करंजा गावात होड्या शाकारून ठेवलेल्या असतात आणि दारोदारी जाळ्यांची दुरुस्ती चालते. आमच्या ओळखीचे एक नाखवा डावखुरे आहेत. फाटलेला भाग पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणतात, सुई डाव्या हाताने आसातून, म्हणजे जाळ्याच्या घरातून, काढतात, सुताला वळसा देतात आणि उजव्या अंगठ्याखाली गाठ दाबून धरतात. शेजारच्याची गाठ एका अंगाने वळलेली, यांची बरोबर उलट, आरशात दिसावी तशी. जाळं ओढताना दोन्ही गाठी सारखाच भार घेतात. फाटलेल्या भोकात किती आस बसतील हे मात्र ते नुसत्या नजरेने ठरवतात, आणि ते चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

या नाखवांसारखा दहातला साधारण एक माणूस डावखुरा असतो. लिओनार्दो दा विंचीचं नाव घेऊन अशा माणसांना आकारांची, दिशांची समज उपजतच जास्त असते, असं सर्रास सांगितलं जातं. पुरावा तसा नाही. 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा या बाबतीत उजवे किंचित पुढे निघाले. फरक इतका लहान, की एखाद्या मुलाकडे बघून त्यावरून काहीच सांगता येणार नाही.

ही समज मोजायची कशी, याची वाट 1971 मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी दाखवली. ठोकळ्यांची दोन चित्रं एकाच वस्तूची आहेत का, ते ओळखायचं. एक चित्र जितकं जास्त फिरवलेलं, तितका उत्तराला वेळ जास्त. म्हणजे माणूस मनातल्या मनात वस्तू खरोखर फिरवून बघतो. अशी समज रोजच्या कामातही लागते. इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरात क्रेनचालक उंच केबिनमधून खाली बघत, दोन्ही हात चालवत, स्प्रेडरचे, म्हणजे कंटेनर उचलणाऱ्या चौकटीचे, चार कोपरे कंटेनरच्या चार कोपऱ्यांवर नेमके बसवतो. ते सरावाने येतं. सरावाने अशी समज वाढते, हे 2013 मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांच्या एकत्रित तपासणीतही दिसून आलं.

हात डावा की उजवा याने फारसा फरक पडत नाही, तरीही अनेक घरांत पोराच्या डाव्या हातावर चापट बसते. प्रसाद उजव्या हातात घ्यायची रीत मी समजू शकतो. पेन्सिल उजव्याच हातात का, ते मला कळत नाही. बालवाडीच्या बाईंना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ज्या हातात पेन्सिल आपसूक जाते, त्याच हातात राहू द्या. डावखुऱ्यांसाठीची कात्री मिळते, ती आणून द्या. आणि मूल डावरं असो की उजवं, त्याला ठोकळे द्या, नकाशा द्या, जाळं विणणाऱ्याजवळ बसू द्या.